अलका, ती मोकळी जागा मी पाहिली होती

अलका,

काल तुझं तेरावं झालं. मुलुंडच्या तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, चपला खालच्या मजल्याच्या जिन्यापर्यंत गेल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि काय करत होते सांगू? माणसं मोजत होते. खोटं कशाला बोलू, आता तू थोडीच माझं तोंड धरणार आहेस! तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, बाबांच्या ऑफिसातले लोक, खालचा इस्त्रीवाला, सगळे डोळे पुसत होते. आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं, उद्या मी गेले तर घाटकोपरला आमच्या चाळीत एवढी माणसं येतील का? म्हटलं, घ्या, इथेही हिचाच नंबर पहिला.

त्यात तुझ्या त्या कॉलेजच्या मैत्रिणीनं असा हंबरडा फोडला की सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. मला तिचाही राग आला. वर्षातून दोनदा भेटणारी ती, आणि रोज एका डब्यात जेवणारी मी, आणि रडण्यात पुढे कोण तर ती. माझ्या डोळ्यांतून तर पाण्याचा थेंब निघेना.

तुझ्या आईनं मला आत बोलावलं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नंदा, तू तिची सगळ्यात जवळची. घरी आली की तुझंच पुराण सुरू." मला बरं वाटायला हवं होतं ना? मी मनात म्हटलं, काय सांगितलं असेल हिनं आईला? किती सांगितलं असेल? कारण एक गोष्ट मी तुझ्यापासून पाच महिने लपवली होती. तू कावीळ घेऊन आडवी झालीस तेव्हाही बोलले नाही. हॉस्पिटलात दोनदा आले, दोन्ही वेळा आज सांगायचंच असं घोकत आले. पहिल्यांदा तुझी मावशी उशाशी बसलेली. दुसऱ्यांदा तूच विचारलंस, "मशीन नीट चाललंय ना गं?" मी म्हटलं, "झकास." आणि तुझ्यासाठी मोसंबी सोलत बसले.

तर आता सांगते. तू यायच्या आधी मी त्या ऑफिसात काय होते ते तरी नीट ऐक, कारण ते तुला कधी कळलंच नाही.

साकीनाक्याचा आपला गाळा. शेजारी दिवसभर पत्रा ठोकणारे, समोर रंगाच्या भट्टीचा वास, आणि मध्ये आपली ती काचेची एसीची खोली. आत जायचं तर देवळात जातात तसं चपला बाहेर काढून जायचं, का तर मशीनला धूळ चालत नाही. प्रभूसाहेबांनी कर्ज काढून ते कॉम्प्युटर आणलेले आणि परदेशातली शास्त्राची पुस्तकं जुळवायला घेतलेली. त्या खोलीत बसणारी पहिली बाई मी. अप्पा गिरणीच्या संपानंतर घरी बसलेले, मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास, इंग्रजी जेमतेम, आणि तरी ती टेक नावाची अक्षरजुळणीची सिस्टिम मी मार खात खात शिकले. कुणी शिकवायला नव्हतं. एक झेरॉक्स केलेलं इंग्रजी पुस्तक आणि मी. तिथं थंडी वाजते म्हणून मी स्वेटर घालून बसायचे आणि चाळीतल्या बायका मला हसायच्या, मुंबईत स्वेटर घालून कामाला जाणारी म्हणून. मला त्याचाही कोण अभिमान!

मग तू आलीस. मुलुंडची, गणितात बीएस्सी, ओढणी सावरत. साहेब म्हणाले, "नंदा, हिला तयार कर." आणि मी तुला तयार केलं गं! हे तरी कबूल कर. पहिल्याच दिवशी तुला शेजारी बसवून सांगितलं की हे बघ, इथे नुसता मजकूर टाइप करून भागत नाही, मध्ये मध्ये मशीनला हुकूम द्यावे लागतात. हुकमाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. तेव्हा आपण ते रसायनांचं पुस्तक करत होतो. त्यातल्या एका रसायनाचं हातभर लांब नाव पानोपानी यायचं, म्हणून मी त्याला चार अक्षरांचा हुकूम करून ठेवला होता. चार अक्षरं मारली की कागदावर अख्खं नाव. अशा घरगुती हुकमाला मॅक्रो म्हणतात, हा शब्दसुद्धा तुला मी सांगितला.

"आणि एक गोम आहे," मी म्हटलं. "हुकूम संपला हे मशीनला कळायला तू त्याच्यापुढे जागा सोडतेस. मशीन ती जागा स्वतःच गिळतं. मग रसायनाचं नाव आणि पुढचा शब्द चिकटून छापतात. म्हणून हुकमाला लागून दोन महिरपी कंस टाकायचे. आत काही नाही, रिकामे. मग ते जागेला हात लावत नाही."

तू स्क्रीनकडे बघत होतीस. "हे तू प्रत्येक वेळी हातानं घालतेस?"

"मग काय पायानं घालू?"

तू खो खो हसलीस. मीही हसले. तेव्हा मला तू आवडली होतीस.

त्या कंसांवर माझं नाव होतं, अलका. माझ्यानंतर लागलेल्या बाकीच्या दोघी विसरायच्या, त्यांची पानं चिकटलेल्या शब्दांनी भरलेली यायची. मग साहेब म्हणायचे, नंदाकडे द्या. मी लाल पेन्सिल घेऊन बसायचे आणि एक शब्द सुटायचा नाही. ओळीवरून नजर फिरवली की चिकटलेलं माझ्या डोळ्यांत खुपायचं. एकदा साहेबांनी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "या आमच्या नंदाताई, यांच्या नजरेतून काही सुटत नाही." मी घरी जाऊन अप्पांना तीन वेळा सांगितलं.

आणि तू आल्याला चार महिने होत नाहीत तोच एका सोमवारी तू म्हणालीस, "नंदा, कंस घालू नकोस. नुसतं टाइप कर आणि बघ." मी टाइप केलं. पुढे शब्द आला तर जागा सुटली. पुढे स्वल्पविराम आला तर नाही सुटली. पूर्णविराम, नाही. बंद होणारा कंस, नाही. मी मुद्दाम वेडंवाकडं काय काय टाकून बघितलं. तुझा हुकूम आपल्यापुढे कोण उभं आहे ते डोकावून बघायचा आणि जागा सोडायची की नाही ते स्वतः ठरवायचा. कुठल्या चिन्हांच्या आधी जागा सोडायची नाही याची तू त्यात एक यादी लिहिली होतीस. शनिवार-रविवार घरी बसून वहीत लिहून आणलंस सगळं, मशीनसुद्धा समोर नव्हतं.

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! मी म्हटलं, "मशीनला काय कळतंय कुठे जागा हवी ते? अंदाजानं काम करणार ते?"

"मशीनला नाही कळत. मला कळतं. मी त्याला एकदाच सांगून ठेवते."

"आणि तू सांगायला विसरलीस तर?"

"तर तू आहेस ना," तू म्हणालीस.

तो वाद आपला कधी संपलाच नाही. डबा खाताना, बसची वाट बघताना, चालूच. मी म्हणायचे हातानं घातलेलं ते खरं, माणसाला दिसतं तरी. तू म्हणायचीस, माणसानं हजारदा तेच केलं तर हजारातलं एक चुकणारच, त्यापेक्षा एका ठिकाणी नीट कर. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून ऑफिसात चिकटलेले शब्दच यायचे बंद झाले. मग नंदाची नजर कुणाला हवी? साहेब पाहुण्यांना घेऊन आले की आता तुझ्या खुर्चीमागे थांबायचे.

घरीही तेच. तू एकदा आमच्याकडे जेवायला काय आलीस, आमच्या आयेवर जादूच केलीस. मुलुंडच्या शुद्ध शाकाहारी घरातली मुलगी तू, मांडी घालून बसलीस आणि बांगड्याचं तिखलं भुरके मारून खाल्लंस. आईला माहीत नव्हतं ना तुझ्या? आयेनं मला लगेच सुनावलं, "बघ गो, कशी गुणाची पोर! तुका काय येता? जरा शिक तिच्याकडसून." तिच्याकडून शीक म्हणे! तिला शिकवलं कुणी? त्या दिवसानंतर आये माझ्या डब्यात माशाच्या दोन तुकड्या घालायला लागली, एक माझी, एक अलकाची. आणि मोठी तुझी असायची, मी बघायचे ना.

मी जळत होते, अलका. साधंसुधं नाही, आतून. तू नवीन ड्रेस घातलास की जळायचे, तुझं इंग्रजी ऐकलं की जळायचे. तू आजारी पडून दोन दिवस आली नाहीस की मला बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी करमायचं नाही. त्यात साहेबांनी सांगितलं की दिवाळीनंतर एसीच्या खोलीला एक इन्चार्ज नेमायचा आहे. सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण होणार ते. मलाही.

मग ते वनस्पतींचं पुस्तक आलं. तुझ्या हुकमावर सगळं धडाधड चाललेलं. शेवटची प्रुफं माझ्याकडे आली. सगळी पानं नीट, आणि मधल्या एका प्रकरणात मला दिसलं. वनस्पतीचं नाव, मग मोकळी जागा, आणि मग ती छोटी आडवी रेघ, दोन शब्दांना जोडणारी. रेघेच्या आधी जागा नको होती. तुझ्या यादीत स्वल्पविराम होता, पूर्णविराम होता, ही जोडरेघ घालायला तू विसरली होतीस. रसायनांच्या पुस्तकात तशी वेळच आली नव्हती. इथे ती त्या प्रकरणभर होती. पानामागून पान, प्रत्येक नावापुढे ती भोकं.

माझी लाल पेन्सिल हातात होती. पहिल्या जागेवर टेकवलीसुद्धा. आणि मला आतून उकळ्या फुटल्या गं. देवाशपथ सांगते, इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी म्हटलं, बघू दे सगळ्यांना. मशीनला सांगून ठेवते म्हणे! मी पेन्सिल उचलली, पान उलटलं, पुढचं पान उलटलं. सगळी पानं तुझ्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ओके आहे."

तू म्हणालीस, "तू बघितलंस ना, मग झालं." आणि पाठवून दिलंस.

तीन आठवड्यांनी परदेशातून प्रकाशकाचं पत्र आलं. साहेबांचा चेहरा लालबुंद. तुला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पण त्या काचेतून सगळं दिसत होतं. साहेब हात नाचवत होते, तू मान खाली घालून उभी. मी खुर्चीत बसून वाट बघत होते, आता माझं नाव येईल, प्रुफं कुणी वाचली विचारतील. नाव आलंच नाही. मला वाटलं, साहेबांनी दोष हुकमाचा धरला, वाचणारीचा नाही. सुटले, म्हटलं.

तू बाहेर आलीस, चपला काढल्यास, मशीनवर बसलीस आणि पाच मिनिटांत यादीत ती रेघ घातलीस. पुस्तक पुन्हा काढलं, सगळं प्रकरण साफ. मला हातानं दुरुस्त करायला आठवडा लागला असता. तुझी वाट लागावी म्हणून मी एवढं केलं आणि तू पाच मिनिटांत उभी! तेव्हाही मला राग कशाचा आला असेल तर त्या पाच मिनिटांचा.

मग तू खुर्ची माझ्याकडे फिरवलीस. "नंदा, तुझ्या नजरेतून कसं सुटलं गं?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, "हल्ली डोळे दुखतात. धुरकट दिसतं." दुसरं काही सुचलंच नाही.

आणि तू, बाई माझे, ते खरं धरलंस! शनिवारी अर्धा दिवस सुटी होती, तू माझं मनगट पकडून मला घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलीस. मी हजार सबबी सांगितल्या. तू म्हणालीस, "आपलं पोट डोळ्यांवर आहे, नखरे नकोत." डॉक्टरनी ती अक्षरांची पाटी वाचायला लावली. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी अगदी खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. खोटं बोलायचं होतं ना, तर थोडं अडखळायचं होतं. पण पाटी समोर आली आणि मला चुकीचं वाचवेना. डॉक्टर हसले आणि तुला म्हणाले, "यांचे डोळे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. चष्मा कशाला हवाय?"

बाहेर आलो. रस्ता ओलांडताना तू माझा हात धरला होतास तो सोडलास, मग पुन्हा धरलास. मी मनात जुळवत होते, आत्ता बोल, आत्ता सांगून टाक. तू म्हणालीस, "चल, उसाचा रस पिऊ. तुझ्यासाठी आलं जास्त घालायला सांगते." आपण रस प्यायलो. तू तुझ्या बसला गेलीस. मी घरापर्यंत चालत गेले आणि स्वतःला समजावत राहिले, तिच्या नसेल लक्षात आलं, इतकं कुठे डोकं चालतं कुणाचं. तुझं डोकं किती चालतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

दिवाळीनंतर इन्चार्ज मी झाले. तू पेढे वाटलेस, स्वतः आणून. मी खाल्ला तो पेढा.

मग तू आडवी होईपर्यंत आपण रोज एकत्र जेवलो. आयेनं पाठवलेली मोठी तुकडी तू रोज खाल्लीस. एकदाही तुझ्या तोंडून वाकडा शब्द आला नाही आणि मी रोज जास्तच चिडत गेले. भांडली असतीस तर मी भांडले असते, बोलले असते, संपवून टाकलं असतं. तू आपली मशीनवर वाकून नवीन काहीतरी लिहीत बसलेली, आणि मध्येच, "इन्चार्ज बाई, जरा हे बघता का?" असं चिडवणारी. मला वाटायचं, बिचारीला काही माहीत नाही. आणि खरं सांगते, त्याचाही एक गुपचूप आनंद होता. एवढ्या हुशार अलकाला एक गोष्ट माहीत नाही आणि ती फक्त नंदाकडे आहे. तुझ्याकडे नसलेलं माझ्याकडे तेवढं एकच होतं.

आज सकाळी ऑफिसात आले. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती. मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. हॉस्पिटलात तुझ्यासमोर जमलं नाही, काल तुझ्या आईसमोर जमलं नाही, म्हटलं निदान यांच्यासमोर तरी. उभ्या उभ्या सांगितलं, "साहेब, त्या वनस्पतींच्या पुस्तकातली ती चूक. मला दिसली होती. मी मुद्दाम बोलले नाही. इन्चार्जची खुर्ची माझी नाही, तुम्ही काढून घ्या."

साहेबांनी चष्मा काढला. "काय बोलतेस तू, नंदा? तुला दिसेल कशी? ती प्रुफं तुझ्याकडे आलीच कुठे होती?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अलका म्हणाली ना मला त्या दिवशी. 'घाई होती, नंदाला न दाखवता मीच परस्पर पाठवली.' म्हणून तर मी एवढा भडकलो. अगं, चूक काय, कुणाचीही होते. पण न वाचता पाठवणारीच्या हातात मी खोली कशी देणार? नाहीतर तीच व्हायची होती."

मी बाहेर आले. चपला काढल्या, आत जाऊन तुझ्या खुर्चीवर बसले, आणि तेरा दिवस न आलेलं रडू आलं. बाकीच्या दोघी धावत आल्या, पाणी आणलं.

म्हणजे केबिनमध्येच तू मला वाचवलंस. मला काही विचारायच्या आधी. चुकून सुटलं असेल बिचारीच्या नजरेतून, घरी अप्पा बसलेले, नोकरी जायची, असंच काहीतरी मनात आलं असेल तुझ्या. आणि मग शनिवारी त्या डॉक्टरकडे तुला कळलं की मी काय केलंय. कळलं आणि तरी साहेबांकडे जाऊन शब्द फिरवला नाहीस. उसाचा रस पाजलास. पेढे वाटलेस. पाच महिने.

मला तुझे पाय धरावेसे वाटतात आणि त्याच वेळी तुझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. बोलायचं होतंस ना गं! एकदा तरी नंदा तू नीच आहेस म्हणायचं होतंस. मी काय उत्तर दिलं असतं माहीत नाही, पण काहीतरी दिलं असतं. आता मी या खुर्चीत बसून तुझं चांगलेपण किती मोठं ते मोजत बसू का? त्यातही मी तुझ्या पासंगाला पुरत नाही.

हुशारी तुझी, माणसं तुझी, माझी आयेसुद्धा तुझी. माझ्याकडे माझं म्हणून एक पाप होतं, तुझ्यापासून लपवलेलं. तेही तू त्या शनिवारपासून जाणून होतीस. तेवढंसुद्धा माझं राहू दिलं नाहीस.

इतके महिने रोज सकाळी उठून आधी तुझ्यावर जळायचे आणि मग चहा ठेवायचे गं, अलका. उद्या उठून मी कुणावर जळू?